विद्यार्थ्यांच्या प्रेमसंबंधांतली मारहाण आणि धाक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मारहाण झाली तरच हिंसा म्हणायची ना?

नाही. मेक्सिकोत २००९ मध्ये तिथल्या राष्ट्रीय पॉलिटेक्निक संस्थेने विद्यार्थ्यांसाठी एक मोजपट्टी काढली, 'व्हायोलेंटोमेत्रो' नावाची. दिसायला कंपासपेटीतल्या पट्टीसारखी, पण सेंटिमीटरच्या जागी वागण्याच्या पायऱ्या. सुरुवात झोंबणाऱ्या विनोदांपासून. मग भावनिक ब्लॅकमेल, खोटं बोलणं, अबोला धरणं, संशय, चारचौघांत पाणउतारा, बंदी घालणं. मधल्या टप्प्यात वस्तू फोडणं, 'गंमत म्हणून' मारणं, ढकलणं, थोबाडीत, कोंडून ठेवणं. शेवटच्या टप्प्यात शस्त्राचा धाक, जिवे मारण्याची धमकी, बलात्कार आणि अगदी टोकाला खून. पहिल्या टप्प्यावर लिहिलंय 'सांभाळा', दुसऱ्यावर 'काहीतरी करा', तिसऱ्यावर 'तज्ज्ञांची मदत हवी'.

अबोलाही त्या पट्टीवर पाहून आपल्याकडे लोक हसतात. प्रत्येक अबोला हिंसा नसतो, हे खरंच. पण 'मित्रांबरोबर ट्रेकला गेलीस ना, आता आठवडाभर बोलणार नाही' हा अबोला रुसवा नाही, ती शिक्षा आहे. पुढच्या ट्रेकला ती जात नाही, आणि न जाण्याचं कारण मैत्रिणींना वेगळंच सांगते. पट्टी मोजते ती ही गोष्ट.

रागाच्या भरात एकदाच हात उचलला, नंतर रडून माफी मागितली. तरी मोजायचं?

मोजायचं. मात्र 'किती जोरात' यापेक्षा दोन प्रश्न जास्त सांगून जातात. त्यानंतर तुम्ही काय काय करायचं बंद केलंत? आणि त्याचा मूड बघून बोलायची सवय लागली आहे का? पहिल्याच्या उत्तरात काही निघालं आणि दुसऱ्याचं उत्तर 'हो' असेल, तर माफी खरी असली तरी धाक बसलेला आहे.

हे जास्त कुठे होतं? पाश्चात्त्य देशांत असेल ना?

हा समज फार पसरलेला आहे आणि आकडे त्याला साथ देत नाहीत. या विषयावरचं एक मोठं तुलनात्मक काम न्यू हॅम्पशायर विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ मरे स्ट्राउस यांच्या पुढाकाराने झालं. २००४ मध्ये त्यांनी १६ देशांतल्या ३१ विद्यापीठांतल्या ८,६६६ विद्यार्थ्यांची माहिती प्रसिद्ध केली. मागच्या १२ महिन्यांत जोडीदारावर हात उचलल्याचं सांगणाऱ्यांचं प्रमाण सर्वांत कमी असलेल्या विद्यापीठात १७ टक्के होतं, सर्वांत जास्त असलेल्या विद्यापीठात ४५ टक्के, आणि मध्यक (अर्धी विद्यापीठं ज्याच्या खाली, अर्धी वर) २९ टक्के. पुढे हा अभ्यास ३२ देशांपर्यंत आणि १३,६०१ विद्यार्थ्यांपर्यंत वाढला. त्यात भारत होता, इराण, चीन, जपान, टांझानिया, स्वीडन, मेक्सिकोही होते. मारहाण होत नाही असा देश त्यात सापडला नाही.

हे आकडे वाचताना एक पथ्य पाळा. ही वर्गात बसून प्रश्नावली भरणाऱ्या विद्यार्थ्यांची उत्तरं आहेत, देशाची शिरगणती नव्हे. अमुक देश तमुकपेक्षा हिंसक, असा निकाल त्यातून काढता येत नाही.

मुलीही तितक्याच मारतात, असं त्याच अभ्यासात आहे म्हणे?

आहे, आणि त्यावरून संशोधकांत वर्षानुवर्षं वाद चालू आहे. स्ट्राउस यांची प्रश्नावली कृती मोजते: ढकललं का, थोबाडीत मारली का, हात पिरगळला का, गळा आवळला का. बऱ्याच जोडप्यांत दोघांनीही काही ना काही केल्याचं निघालं. पण आधी कोणी मारलं, स्वतःला वाचवायला कोणी मारलं, घाबरून कोण राहिलं, हे अशा मोजणीत नीट उतरत नाही. दोघांच्या नावापुढे एक-एक खूण पडते आणि टाके एकालाच पडलेले असतात.

मायकल जॉन्सन या समाजशास्त्रज्ञाने १९९५ मध्ये केलेली विभागणी इथे कामी येते. एक प्रकार भांडण हाताबाहेर गेल्याचा. तो दोन्ही बाजूंनी होतो. दुसऱ्या प्रकारात एकाने दुसऱ्याचं अख्खं आयुष्य मुठीत धरलेलं असतं आणि मार हे त्यातलं एक साधन असतं. उपायही त्याप्रमाणे बदलतात. पहिल्या प्रकारात दोघांनी मिळून समुपदेशकाकडे जाण्यात अर्थ असू शकतो. दुसऱ्यात जाऊ नका. खोलीत जे बोलाल त्याचा हिशेब बाहेर पडल्यावर चुकता केला जातो.

मग संस्कृतीचा फरक कशात पडतो?

थोबाडीत सगळीकडे सारखीच लागते. फरक पडतो तो बाहेर पडायची वाट कशाने अडवली आहे यात.

आपल्याकडे ते हत्यार बहुधा दोनच शब्दांचं असतं: 'घरी सांगेन.' नातं घरी माहीत नाही, त्यातून जात वेगळी किंवा धर्म वेगळा, शिक्षण वडिलांच्या पैशावर, आणि कळलं तर कॉलेज बंद होऊन थेट स्थळं बघायला सुरुवात होण्याची भीती. अशा वेळी जोडीदाराला हात उचलायचीही गरज पडत नाही. मोबाईलमध्ये तुमच्या दादाचा नंबर सेव्ह असला की काम भागतं. नातं लपवणं ही सुरुवातीला दोघांची सोय असते, पुढे ती एकाची मालमत्ता होते.

दक्षिण कोरियात छुपं चित्रीकरण आणि नातं तुटल्यावरचा पाठलाग हे मोठे सामाजिक प्रश्न झाले. तिथे पाठलागाविरुद्धचा कायदा ऑक्टोबर २०२१ मध्ये लागू झाला. पीडितेची इच्छा नसेल तर खटला नाही, ही त्यातली अट २०२३ मध्ये काढली, कारण तिच्यामुळे आरोपी तक्रार मागे घ्यायला दबाव आणत होते. जपानमध्ये तरुण 'डेट डीव्ही' (डेटिंगमधली हिंसा) हा शब्द सर्रास वापरतात, पण २००१ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्याचं संरक्षण २०१४ पासून एकत्र राहणाऱ्या जोडप्यांना मिळालं, नुसत्या डेटिंग करणाऱ्यांना नाही. याउलट दक्षिण आफ्रिकेच्या १९९८ च्या कायद्यात डेटिंगचं नातं, ते कितीही काळाचं असो, सरळ नाव घेऊन समाविष्ट आहे.

आपला २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा या दोहोंत जपानच्या जवळचा. 'लग्नासारखं नातं' असेल तर तो लागू होतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या वेलुसामी खटल्यात स्पष्ट केलं की नुसते शनिवार-रविवार एकत्र घालवणं त्यात बसत नाही. म्हणजे रूम घेऊन एकत्र राहणाऱ्या जोडप्यातल्या मुलीला या कायद्याखाली दाद मागून बघता येते. हॉस्टेलवर राहणारीला फौजदारी कलमं आणि कॉलेजची समिती, हेच दोन मार्ग.

तो माझा फोन बघतो. कुठे आहे हे त्याला न सांगता कळतं. काय तपासू?

आधी एक सूचना: सापडलं की लगेच बंद करू नका. लोकेशन अचानक गेलं की त्याला कळतं, आणि त्या रात्री भांडण पेटतं. आधी राहण्याची सुरक्षित सोय, मग बटण.

तपासणी मात्र आजच करता येते. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडा. तिथे अनोळखी कॉम्प्युटर दिसला तर तुमचं प्रत्येक चॅट दुसरीकडे उघडं आहे. गुगल मॅप्समध्ये प्रोफाइलच्या फोटोवर दाबून 'लोकेशन शेअरिंग' बघा. गुगल अकाउंटच्या सिक्युरिटी विभागात कोणकोणत्या उपकरणांवर लॉगिन आहे ते दिसतं. इन्स्टाग्रामचं लॉगिन आणि स्नॅपचॅटचा नकाशा विसरू नका. आयफोनवर 'सेफ्टी चेक' नावाची सोय आहे. कोणाला काय दिसतंय ते एकत्र दाखवते, आणि कोणी अंगावर आलं तर पडदा झटकन बंद करायचं बटणही त्यात आहे.

सर्वांत जास्त सुटणारी जागा म्हणजे रिकव्हरी नंबर. फोन त्यानेच सेट करून दिलेला असतो, त्यामुळे पासवर्ड विसरल्यावरचा ओटीपी त्याच्याच मोबाईलवर जातो. पासवर्ड कितीही वेळा बदला, दार उघडंच. म्हणून आधी रिकव्हरी नंबर आणि ईमेल बदला, मग पासवर्ड, आणि तेही मैत्रिणीच्या किंवा लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवरून.

खासगी फोटो व्हायरल करण्याची धमकी दिली आहे.

पैसे देऊ नका, भेटायला जाऊ नका, चॅट डिलीट करू नका. स्क्रीनशॉटमध्ये नंबर, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. नुसतं 'सेव्ह केलेलं नाव' दिसणारा स्क्रीनशॉट कमकुवत ठरतो. व्हॉट्सअ‍ॅपचं 'एक्स्पोर्ट चॅट' करून ती फाइल विश्वासातल्या कोणाला तरी मेल करा. संदेश आपोआप पुसले जाण्याची सेटिंग चालू असेल तर दुसऱ्या फोनने पडद्याचा व्हिडिओ घ्या. मूळ फोन विकू किंवा फॉरमॅट करू नका, कारण कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं आणि ते मूळ उपकरणावर अवलंबून असतं.

फोटो अजून पसरला नसेल तर स्टॉपएनसीआयआय डॉट ऑर्ग वर जा. फोटो तुमच्या फोनमधून बाहेर जात नाही. त्याचा एक डिजिटल ठसा तयार होतो आणि फेसबुक, इन्स्टाग्राम यांसारख्या सहभागी मंचांना तो दिला जातो. मर्यादा दोन. फोटो कापून किंवा बदलून टाकला तर ठसा जुळेलच असं नाही, आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या खासगी चॅटमध्ये तो काही करू शकत नाही. फोटोतली व्यक्ती १८ वर्षांखालची असेल तर त्यासाठी 'टेक इट डाउन' ही वेगळी सेवा आहे.

फोटो टाकला गेला असेल तर त्या मंचाच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी असा मजकूर काढायला २४ तासांची मर्यादा घातली होती; २०२६ च्या दुरुस्तीने ती आणखी कमी केली. त्याबरोबर सायबर क्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर तक्रार नोंदवा. नाव न देता करण्याची सोय तिथे आहे, पण मग तक्रारीचं पुढे काय झालं ते बघता येत नाही. शक्य असेल तर नाव द्या. संमतीने काढलेला फोटोही संमतीशिवाय पसरवणं गुन्हाच आहे. 'तूच पाठवला होतास' हे कायद्यात उत्तर होत नाही.

त्याने गळा दाबला, पण काही झालं नाही. वळही नाही.

या पानावरच्या इतर सगळ्या गोष्टी थोड्या थांबू शकतात, ही नाही. अमेरिकेतल्या २००८ च्या एका अभ्यासात, जोडीदाराने आधी गळा दाबलेल्या स्त्रियांचा पुढे त्याच्या हातून खून होण्याचा धोका सातपटींहून जास्त निघाला. इंग्लंड आणि वेल्समध्ये जून २०२२ पासून हा स्वतंत्र गुन्हा केला आहे, कारण तोवर 'किरकोळ मारहाण' म्हणून प्रकरणं सुटत होती.

वळ बऱ्याचदा उमटतच नाहीत. आवाज घोगरा होणं, गिळताना दुखणं, डोळ्यांत लाल ठिपके, डोकेदुखी, क्षणभर शुद्ध हरपणं, लघवीवरचा ताबा सुटणं यातलं काहीही झालं असेल तर कॅज्युअल्टीत जा. मानेतल्या रक्तवाहिनीला इजा झाली असेल तर पक्षाघाताचा झटका काही दिवसांनीही येऊ शकतो. डॉक्टरांना 'पडले' सांगू नका. 'गळा दाबला' हेच शब्द सांगा आणि एमएलसी (पोलिस प्रकरण होऊ शकणाऱ्या दुखापतीची रुग्णालयातली नोंद) करून घ्या. एमएलसी झाली की पोलिसांना कळवलं जातं, पण उपचार त्यासाठी अडवता येत नाहीत. मुंबईत महापालिकेच्या रुग्णालयांमध्ये 'दिलासा' केंद्रं आहेत (पहिलं २००० मध्ये वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात सुरू झालं), तिथे समुपदेशक भेटतात. जबरदस्तीचा संबंध झाला असेल तर गर्भनिरोधक गोळी आणि एचआयव्ही प्रतिबंधक औषध, दोन्हींसाठी ७२ तासांची मुदत धरा. जितकं लवकर तितकं उपयोगी.

कॉलेजात तक्रार कशी होते?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक उच्च शिक्षण संस्थेत अंतर्गत समिती हवी. ती लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकते: जबरदस्ती, नकोसा स्पर्श, नकार दिल्यावरचा पाठलाग, लैंगिक शेरे, फोटोंची धमकी. तक्रार लेखी द्यायची, घटनेपासून ३ महिन्यांत. घटना अनेक असतील तर शेवटच्या घटनेपासून. कारण पटलं तर आणखी ३ महिने मिळतात. चौकशी ९० दिवसांत संपवायची असते.

फारसं कोणी सांगत नाही ते हे: तक्रारीची प्रत ७ दिवसांत समोरच्याच्या हातात पडते. त्यामुळे अर्ज देण्याआधी त्या आठवड्यात कुठे राहायचं, कोणाबरोबर जायचं-यायचं हे ठरवून ठेवा. अर्जातच अंतरिम उपाय मागा: त्याला अंतर राखण्याची ताकीद, वेगळी तुकडी, गरज पडल्यास ३ महिन्यांपर्यंतची रजा. न मागता ते क्वचितच मिळतात. समितीत विद्यार्थ्यांचे तीन प्रतिनिधीही असतात; त्यातलं कोणी त्याच्या ग्रुपमधलं असेल तर आधीच लेखी हरकत घ्या. समेट तुम्ही मागितला तरच, आणि पैसे घेऊन तर नाहीच. 'करिअरचा प्रश्न आहे त्याच्या, मिटवून टाका' असं म्हणणाऱ्या सरांना हा नियम दाखवा.

पोलिसांनी नुसती एनसी घेतली.

साधी दुखापत (भारतीय न्याय संहिता, कलम ११५) अदखलपात्र आहे, म्हणजे कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलिस तपास करत नाहीत, फक्त नोंद (एनसी) घेतात. 'मारहाण केली' एवढंच सांगितलं की एनसीवर काम संपतं. म्हणून जे घडलं ते सगळं आणि सुटं सुटं सांगा. नकोसा, लज्जा आणणारा बळाचा वापर (७४), चोरून पाहणं किंवा चित्रीकरण (७७), पाठलाग आणि नकार दिल्यावरही सतत मेसेज (७८), कोंडून ठेवणं (१२७), पैशांसाठी धमकावणं (३०८), हे दखलपात्र आहे. कलमांचे आकडे पाठ नसले तरी चालेल, तपशील सुटता कामा नये.

घटना पुण्यात आणि तुम्ही नाशिकला घरी आलात, तरी नाशिकच्या ठाण्याने शून्य एफआयआर घ्यायला हवा. ऑनलाइन तक्रार दिली तर ३ दिवसांत सही करायला जावं लागतं. एफआयआरची प्रत फुकट मिळते. महाराष्ट्रात पोलिस यंत्रणेतच स्त्रिया आणि मुलांसाठी 'विशेष कक्ष' आहेत. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबईत सुरू केलेली ही कल्पना. ठाण्यात जायची धास्ती वाटत असेल तर आधी तिथल्या सामाजिक कार्यकर्तीला भेटा. तातडीला ११२, महिला हेल्पलाइन १८१, मोफत कायदेशीर मदत १५१००.

घरी कळवतील का?

तुमचं वय १८ पूर्ण असेल तर पालकांना बोलावणं कायद्याने आवश्यक नाही. प्रत्यक्षात 'वडिलांना घेऊन ये' ऐकावं लागतं. तेव्हा शांतपणे सांगा, 'मी सज्ञान आहे, तक्रारदार मी आहे.' सोबत मोठं माणूस हवंच असेल तर मावशी, आत्या, शिक्षिका कोणीही चालतं.

अठरा पूर्ण नसतील, म्हणजे अकरावी-बारावीतल्या आणि कधी एफवायमधल्याही मुलींचं, गणित बदलतं. पॉक्सो (बालकांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा) लागतो आणि लैंगिक गुन्ह्याची माहिती मिळालेल्या प्रत्येकाला, डॉक्टर-शिक्षकांसह, ती पोलिसांना किंवा बाल पोलिस पथकाला कळवावीच लागते. तिथे 'कोणाला सांगणार नाही' असं वचन कोणीच देऊ नये. १०९८ या बाल हेल्पलाइनवर फोन करता येतो.

'घरी सांगेन' या धमकीवर एकच उतारा कामाचा ठरताना दिसतो: आधी आपणच सांगायचं. सगळ्यांना नाही, घरातल्या एकाच माणसाला, निवडून. तो निरोप बाहेरून गेला तर हत्यार. तुमच्या तोंडून गेला तर नुसतीच वाईट बातमी.

ब्रेकअप करायचं आहे. कसं करू?

धाकाच्या नात्यात सोडून जाण्याचा काळच सर्वांत धोक्याचा. त्याच्या रूमवर जाऊन, गाडीवर मागे बसून किंवा गडावर फिरायला गेल्यावर सांगू नका. मेसेजवर सांगणं असभ्य वाटतं, पण इथे तेच बरं. मजकूर छोटा ठेवा: 'हे नातं मी थांबवते आहे. मला भेटू नकोस, फोन करू नकोस.' कारणं लिहू नका. प्रत्येक कारणावर वाद होतो. हाच मेसेज पुढे पाठलागाच्या तक्रारीत स्पष्ट नकाराचा पुरावा ठरतो.

'शेवटचं एकदा भेट', 'वस्तू परत द्यायच्यात' या भेटी टाळा, वस्तू मित्राकरवी पाठवा. ब्लॉक करण्याआधी चॅट जपून ठेवा. पुढचे काही आठवडे लेक्चरला जाण्याची वेळ, बस, मेस बदला; त्याला तुमचं वेळापत्रक पाठ आहे.

'तू गेलीस तर मी जीव देईन' म्हणतो.

धमकी खरी धरा, पण धावत जाऊ नका. त्याच्या रूममेटला, घरच्यांना किंवा रेक्टरना लगेच कळवा, ११२ लावा, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर त्याला पाठवा. त्याला मदत मिळायलाच हवी. ती तुमच्या परत जाण्याच्या रूपात मिळायला नको.

मी परदेशात शिकते. इथे काय वेगळं?

स्टुडंट व्हिसा विद्यापीठाशी बांधलेला असतो, प्रियकराशी नाही. 'तुझा व्हिसा रद्द करवीन' ही धमकी परदेशातल्या भारतीय मुलींना, बऱ्याचदा भारतीय जोडीदाराकडूनच मिळते. तक्रार केली म्हणून व्हिसा जात नाही; खात्री विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात करून घ्या.

अमेरिकेत २०१३ पासून विद्यापीठांना डेटिंग हिंसेची नोंद वेगळी ठेवून दरवर्षी जाहीर करावी लागते. तिथे कोणाशी बोलता याला महत्त्व आहे: अनेक विद्यापीठांत प्राध्यापकांना ऐकलेलं वर कळवावं लागतं, समुपदेशन केंद्राला नाही. नुसतं मन मोकळं करायचं असेल तर आधी विचारा, 'हे गोपनीय राहील का?' इंग्लंडमध्ये मार न देता सतत नियंत्रण ठेवणंही २०१५ पासून गुन्हा आहे, आणि 'क्लेअर्स लॉ'खाली जोडीदाराच्या हिंसक पूर्वेतिहासाची चौकशी पोलिसांकडे करता येते.

मैत्रिणीचं असं चाललंय. 'सोडून दे त्याला' सांगून थकलो.

ते सांगणं थांबवा. दोन्हीकडून हुकूमच मिळतात असं तिला वाटतं, आणि ती तुमच्यापासून लपवायला लागते; म्हणजे तिला एकटं पाडण्याचं त्याचं काम तुम्हीच पुरं करता. 'परवा तो ओरडला तेव्हा तू दचकलीस, ते मी पाहिलं' असं दिसलेलं सांगा. एक साधा कोडवर्ड ठरवा: 'जर्नल आणलंस का?' असा मेसेज आला की फोन करायचा किंवा ११२ लावायचा. तिची कागदपत्रं, थोडे पैसे आणि कपड्यांचा जोड तुमच्या कपाटात ठेवा. तारखा तुम्ही लिहून ठेवा, तिच्या फोनमध्ये नको. त्याला जाब विचारायला चार जण घेऊन जाऊ नका. त्याची वसुली तिच्याकडूनच होते.

मार खाणारा मुलगा असेल तर? किंवा दोघी मुली, दोघे मुलगे?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांत मुलगे आणि तृतीयपंथी विद्यार्थ्यांचाही विचार केला आहे, त्यामुळे कॉलेजच्या समितीकडे जाता येतं. दुखापत, धमकी, कोंडून ठेवणं ही कलमं कोणालाही लागू होतात. पाठलागाचं कलम मात्र पुरुषाने स्त्रीचा पाठलाग केला तरच लागतं. समलिंगी जोडप्यांत धमकी बहुधा 'सगळ्यांना सांगेन' अशी असते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानंतर प्रौढांमधले संमतीचे संबंध गुन्हा नाहीत, त्यामुळे तक्रार केली तर आपल्यावरच केस होईल ही भीती आता नको.

हात मीच उचलतो.

तर 'तिने चिडवलं म्हणून' हे वाक्य आधी सोडा. सरांवर, बॉसवर, हवालदारावर तुम्ही चिडता आणि हात आवरता. म्हणजे आवरता येतो. माफी मागायला तिच्या हॉस्टेलखाली उभं राहणं हाही तिला धाकच वाटतो. अंतर ठेवा आणि एकटेच समुपदेशकाकडे जा, तिला बरोबर नेऊ नका. पहिल्या भेटीत 'आमची भांडणं होतात' असं सांगू नका. 'मी मारतो', आणि शेवटचं कधी मारलं ती तारीख.